कमान बांधू की वाचनतास चालवू? देणगी मागायला लाजणाऱ्या एका ग्रंथपालाला

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी विट्याच्या बाजूच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सरकारी वर्गवारीत 'ड' वर्ग, एक खोली, सहा कपाटं. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर. मागच्या वर्षीपासून मी शनिवारी दुपारी लहान मुलांचा वाचनतास सुरू केलाय आणि आठवड्यातनं तीन संध्याकाळी बायकांना अक्षरओळख शिकवते. मुलं वीसएक येतात, बायका अकरा. त्यातल्या एक आजी परवा बचत गटाच्या वहीत स्वतःचं नाव शोधून त्याच्यापुढचा आकडा वाचत होत्या, आणि आकडा चुकलाय म्हणून अध्यक्षीणबाईंशी भांडल्या, आणि खरंच चुकला होता. पण हे सगळं माझ्या पगारातनं चाललंय आणि पगार काय असतो तुम्हाला माहितीय. हिशोब केला तर वर्षाला साठ हजार तरी पाहिजेत. आमचे अध्यक्ष आबा पुस्तकांच्या गावाला, भिलारला, जाऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात कमान बसलीय. गावातले एक कॉन्ट्रॅक्टर वडिलांच्या नावाची कमान असेल तर दोन लाख देतो म्हणतात. खजिनदार म्हणतात लकी ड्रॉ काढू, पहिलं बक्षीस स्कूटी. माझा चुलतदीर अमेरिकेत आहे तो म्हणतो डॉलर पाठवतो, तुझा अकाउंट नंबर दे. मला तर कुणापुढं हात पसरायचीच लाज वाटते. लोक तोंडावर म्हणतात, मोबाईल आल्यावर वाचनालय कशाला. काय करू? आणि खरं सांगा, असल्या तासांनी काही फरक पडतो का?"

अगं, आधी त्या आजींना माझा नमस्कार सांग. वहीतली चूक काढून अध्यक्षीणबाईंशी भांडल्या म्हणतेस, मग फरक पडतो का हे मला कशाला विचारतेस? पण त्यावर नंतर येते, कारण तुझा खरा अडथळा लाज हा आहे आणि तो आधी बाजूला केल्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नाही.

तू ज्या भागात राहतेस तिथं शिक्षणासाठी मागायची लाज वाटायचं काही कारणच नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती काय सरकारी चेकवर काढली का? घरोघरी मूठमूठ धान्य मागून मुष्टिफंड चालवला, साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवण कमी पडायला लागलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आता तू म्हणशील ती मोठी माणसं होती. असतील, पण मूठभर जोंधळा देणारी माणसं मोठी नव्हती, ती तुझ्यामाझ्यासारखीच होती, आणि देताना त्यांना एवढं नक्की माहीत होतं की हे दाणे कुणाच्या ताटात पडणारेत. म्हणून देत होती. तुझ्याकडं नेमकं तेच सांगायला आहे आणि तू ते सांगत नाहीस, तू नुसतं "वाचनालयाला मदत करा" म्हणत असणार. वाचनालयाला मदत म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं कुलूप लावलेलं कपाट येतं आणि खिशाकडं गेलेला हात परत येतो.

आता पैशाचं. तुझे साठ हजार मी कागदावर फोडून बघितले. शनिवारच्या तासाला एक आणि संध्याकाळच्या वर्गाला एक अशा दोन मदतनीस मुली धर, महिना दीड हजार मानधन, वर्षाचे झाले छत्तीस हजार. मुलांची नवी पुस्तकं बारा हजार, पाट्या, वह्या, मोठ्या अक्षरांचे तक्ते पाच, सतरंजी, ट्यूबलाइट आणि जास्तीचं लाइट बिल चार, कार्यक्रम आणि खाऊ तीन. जमलं साठ हजार. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त पैसा माणसावर जातोय आणि तो तसाच गेला पाहिजे हे माझं पक्कं मत आहे, कारण पुस्तकं तुझ्याकडं आहेत, तुझ्याकडं नाही ते म्हणजे पुस्तक उघडून पोराशेजारी बसणारं माणूस. आपल्याकडं देणगीदाराला वस्तू द्यायला आवडतं, कपाट देतील, पंखा देतील, घड्याळं तर इतकी येतात की भिंत पुरत नाही, पण मानधन म्हटलं की कपाळाला आठ्या. तरीपण मानधनच माग. तू स्वतःच्या पगारातनं भागवतेस ते थांबव, त्यानं दोन वर्षांत तू दमशील आणि तास बंद पडेल.

अनुदानातनं हे का भागत नाही ते पण समजून घे, म्हणजे लोकांनी विचारल्यावर उत्तर तयार पाहिजे, आणि लोक विचारणारच, "तुम्हाला शासन देतंय की". १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याच्याखाली १९७० चे अनुदानाचे नियम आहेत, त्यात मान्य खर्चाच्या नव्वद टक्के किंवा तुमच्या वर्गाला ठरलेली रक्कम, जे कमी असेल ते मिळतं. 'ड' वर्गाची रक्कम सगळ्यात लहान. ती पगार, पुस्तकं, पेपर, मासिकं, भाडं, लाइट ह्यात संपते, आणि ती मागच्या खर्चावर येते म्हणजे आधी तुम्ही खर्च करायचा मग सरकार देणार. शंभरातले उरलेले दहा कुठनं आणायचे? वर्गणी आणि देणग्यांतनं. म्हणजे लोकांनी थोडं द्यायचं हे त्या नियमातच धरलेलं आहे, तू काही वेगळं मागत नाहीस. हे एवढं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: अनुदानातनं वाचनालय उघडं राहतं, तुमच्या पैशातनं त्यात पोरं बसतात.

साठ हजार एकदम मागू नकोस. पाचशे रुपये महिना देणारी दहा घरं शोध. दहा पाचा पन्नास, पाच हजार महिना, बारा महिन्यांचे साठ. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा ही दहा घरं मला जास्त भरवशाची वाटतात, एक मोठा देणगीदार रुसला की कार्यक्रम बसतो, दहांतलं एक घर सुटलं तर तू अकरावं शोधतेस.

आणि ती घरं तुझ्या गावात नसतीलही, ती चेन्नईत असतील, कोलकात्यात असतील, केरळात असतील. तुझा खानापूर-आटपाडीचा भाग म्हणजे गलाईवाल्यांचा भाग, देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेली माणसं, आणि यात्रेला गावी येणार म्हणजे येणार. देवळाच्या कळसाला, सभामंडपाला त्यांनी दिलेलं गावागावांत दिसतं. त्यांच्यापर्यंत वाचनालयाचं कुणी नीट पोचवलं का कधी? यात्रेच्या आदल्या दिवशी, माणसं नुकती उतरलेली असतात, घरात निवांत असतात, तेव्हा वाचनालयात एक तास ठेव. भाषण नको, सत्कार नको, नारळ-शाल नको (आबा ऐकणार नाहीत, एखादी शाल होऊ दे). पोरांचा नेहमीचा शनिवारचा तास जसा असतो तसाच त्यांच्यासमोर चालव. तिसरीतली पोरगी एक पान अडखळत वाचेल, एखाद्या शब्दाला थांबेल, मागनं एखादं पोरगं ओरडून सांगेल, ती त्याच्यावर डोळे वटारून स्वतः वाचेल. तेवढं बघितलेल्या माणसाला पाचशे रुपयाला नाही म्हणणं अवघड असतं. ज्यांनी शाळा सोडून पंधराव्या वर्षी गाव सोडलंय त्यांना तर नाहीच म्हणता येत.

त्यानंतर लगेच मागायचं. आपल्याकडं काय करतात, कार्यक्रम छान करतात आणि मागायचं मात्र "नंतर सवडीनं बोलू" म्हणून सोडून देतात, ती सवड कधी येत नाही. मागताना आकडा बोल. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की माणूस अडचणीत पडतो, शंभर दिले तर कमी दिसतील, हजार दिले तर जास्त जातील, मग तो "बघतो" म्हणतो. त्यापेक्षा सरळ सांग, "दादा, महिना पाचशे, एक वर्ष. अशा तीन घरांतनं संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या मुलीचं मानधन निघतं." आणि नाही म्हणाला तर बरं म्हणून पाणी दे आणि पुढच्या माणसाकडं वळ. नाही म्हणणं हा त्याचा अधिकार आहे, त्यात तुझा अपमान काही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल तर मोठा मजकूर नको, हात जोडलेले इमोजी नकोत. असं काहीतरी: "आपल्या वाचनालयात दर शनिवारी २० मुलं वाचायला येतात, आठवड्यातनं तीन संध्याकाळी ११ बायका लिहायला शिकतात. वर्षाचा खर्च ६० हजार. महिना ५०० देणारी १० घरं हवीत, ३ मिळालीत, ७ बाकी. पावती त्याच दिवशी. हिशोब दर तीन महिन्यांनी ह्याच ग्रुपवर." आणि मग ते "३ मिळालीत" खरंच मिळालेली असू देत, ग्रुपवर टाकायच्या आधी तिघांना गाठ. पहिल्यांदा कार्यकारिणीनं स्वतः द्यायचं, अध्यक्षांनी, खजिनदारांनी. जे स्वतः देत नाहीत त्यांनी दुसऱ्याकडं मागायला जाऊ नये, हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंस तरी चालेल.

क्यूआर कोड लावशील तो संस्थेच्या खात्याचा, तुझ्या फोन नंबरचा नाही, खजिनदारांच्या मुलाचा तर मुळीच नाही. पावती पुस्तकावर नंबर छापलेले पाहिजेत, कार्बन कॉपी पाहिजे, फाटलेली पावती पुस्तकातच "रद्द" लिहून ठेवायची. गावात पैशावरनं एकदा शंका आली की ती वीस वर्षं जात नाही, आणि बायकांच्या बाबतीत तर शंका यायला कारणसुद्धा लागत नाही, म्हणून सांगतेय. तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली असणार, मान्यताप्राप्त आहे म्हणजे असणारच, तेव्हा देणगी संस्थेच्या नावानंच घ्यायची. गावातली पोरं उत्साहानं वेगळा गट करून "वाचनालयासाठी" पावत्या फाडायला निघाली तर थांबव, नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१-क खाली कळवावं लागतं, गणपती मंडळं घेतात तसंच.

टॅक्सच्या सवलतीचं गलाईवाले विचारतील. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती सवलत संस्थेनं आयकर खात्याकडनं मंजुरी घेतलेली असेल तरच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडलीय त्यांना मिळतच नाही. मंजुरी असेल तर वर्षाच्या शेवटी देणगीदारांची यादी ऑनलाइन भरावी लागते, त्यासाठी पॅन लागतो, तो पावती फाडतानाच लिहून घे, नंतर फोन करत बसशील. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, ते विट्यातल्या सीएला विचार. पण खरं सांगू का, पाचशे रुपये देणारा माणूस टॅक्ससाठी देत नसतो. त्याच्यात अडकू नकोस.

आता कॉन्ट्रॅक्टर आणि कमान. आबा भिलारला जाऊन आले ना, त्यांना विचार तिथं नेमकं काय बघितलं? ४ मे २०१७ ला भिलार पुस्तकांचं गाव झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वे वरनं ती कल्पना घेतली, पण तिथली गंमत अशी की पुस्तकं लोकांच्या घरात आहेत, लॉजवर आहेत, देवळात आहेत, तुम्ही चप्पल काढून कुणाच्याही पडवीत जाऊन वाचत बसायचं. त्याच्यामागं राज्य सरकारचा पैसा आहे आणि पाचगणी-महाबळेश्वरचे पर्यटक आहेत. तुमच्या गावाला पर्यटक नाहीत, मग कमान कुणाला दाखवायची, एसटीच्या ड्रायव्हरला? पण भिलारमधली घरात पुस्तकं ठेवायची गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. वाडीवस्तीवर तीन-चार घरांत तीस-तीस पुस्तकांची पेटी ठेव, महिन्याला पेट्यांची अदलाबदल कर, खर्च पेटीचा फक्त.

कॉन्ट्रॅक्टरला तोडू नकोस. दोन लाख ही तुमच्यासारख्या संस्थेला फार मोठी रक्कम आहे. वडिलांच्या नावाची हौस आहे ती चांगलीच हौस आहे, मला तिच्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना म्हण, कमानीवरचं नाव चार पावसाळ्यात उडतं, वडिलांच्या नावानं कायम ठेव ठेवा. दोन लाख बँकेत, साधारण साडेसहा टक्के धरले तर वर्षाला तेरा हजार येतात, त्यात मुलांची नवी पुस्तकं बसतात आणि थोडे उरतात, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असा शिक्का. वर्षाला शंभरएक पुस्तकांवर बापाचं नाव, ती पुस्तकं घराघरांत जाणार. कमानीखालनं म्हशीच जातात. (हे शेवटचं बोलू नकोस, पटवायच्या भरात निघून जाईल तोंडातनं.) मुद्दल मोडायचं नाही, व्याज कशावर खर्च करायचं, हे त्यांच्याकडनं सहीनिशी लिहून घे आणि कार्यकारिणीत ठराव कर, कायम निधी म्हणून धरायचा तर देणगीदाराचं तसं पत्र लागतंच. आणि एक बघ, निवडणूक जवळ आहे का? असेल तर चेक निवडणुकीनंतर घे. आधी घेतलास तर वाचनालयाच्या दारावर त्यांचा बॅनर लागेल आणि समोरच्या पार्टीच्या घरातली पोरं शनिवारी यायची बंद होतील. वाचनतासाला असल्या गोष्टीचा फटका बसतो तो पैशानं भरून निघत नाही.

लकी ड्रॉ नको. खजिनदारांना राग आला तरी नको. तिकिटं विकून सोडतीनं बक्षीस देणं ही लॉटरी झाली, परवानगीशिवाय ती चालवणं गुन्हा आहे, पूर्वी भादंविचं २९४-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २९७. सगळीकडं चालतं म्हणतील, चालतं खरं, पण तक्रार झाली की नाव नोंदलेल्या संस्थेचंच येतं. त्यापेक्षा दिवाळी अंक योजना नीट चालव. दीडशे-दोनशे रुपये वेगळी वर्गणी, दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने सगळे अंक वाचायला. सगळीकडची वाचनालयं वर्षानुवर्षं हेच करतात, आणि रिटायर झालेले मास्तर लोक ह्या एका योजनेसाठी वर्षभराची वर्गणीसुद्धा भरून टाकतात.

अमेरिकेतल्या दिराला पहिला प्रश्न विचार, पासपोर्ट कुठला आहे? भारतीय असेल तर त्यानं आपल्या कमाईतनं बँकेमार्फत संस्थेच्या खात्यावर पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची झेरॉक्स तेवढी फाइलला लावून ठेव. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी, आणि त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, दिल्लीत स्टेट बँकेत वेगळं खातं लागतं, ते तुमच्या वाचनालयाच्या आवाक्यातलं नाही. तुझ्या स्वतःच्या खात्यावर घेऊन पुढं संस्थेला देणं हा मार्ग नव्हे, कितीही सोपा वाटला तरी. प्रेमानं नाही म्हण.

कारखान्याच्या किंवा कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातनं समाजकामावर करायच्या खर्चाचं, कुणीतरी तुझ्या कानावर घालेलच, म्हणून आधीच सांगते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक वाचनालयं उभारणं हे नाव घेऊन लिहिलेलं आहे, त्यामुळं मागायचा हक्क आहे. पण घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ची नोंदणी लागते, त्याच्याआधी आयकराच्या मंजुऱ्या लागतात, आणि बरेच साखर कारखाने सहकारी आहेत, त्यांना हा कायदा लागूच होत नाही, त्यांच्याकडं मागायचं ते साधी देणगी म्हणून, चेअरमन किंवा संचालकांना भेटून. साठ हजारांसाठी सीएसआरच्या मागं धावण्यात तुझं वर्ष जाईल. पुढं कधी इमारत बांधायची झाली तर बघू.

पुस्तकांच्या देणगीबद्दल मात्र जरा कडक हो. तू आवाहन केलंस की माणसं घर साफ करायला घेतात. पोत्यातनं काय निघतं, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, कव्हर नसलेले दिवाळी अंक, दहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धा परीक्षेच्या कुंजिका, एखाद्या पतसंस्थेचा रौप्यमहोत्सवी अहवाल, आणि वाळवी. ती वाळवी तुझ्या लाकडी कपाटाला लागली की मग बघायला नको. दारातच बघून घ्यायचं, जे नको ते तिथंच परत द्यायचं, "रद्दीत घालून पैसे संस्थेला दिले तर चालेल" असं लिहून घेऊन मगच बाकीचं ठेवायचं. दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक बाद करायला नंतर किती कटकट असते ते तुला माहितीच आहे. मुलांसाठी लागतात ती पुस्तकं म्हणजे मोठी अक्षरं, कमी मजकूर, चित्रं, आणि एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती, म्हणजे चार पोरं एकत्र वाचू शकतात. ती कुणाच्या माळ्यावर पडलेली नसतात, विकतच घ्यावी लागतात. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्या छापून वापरता येतात. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला ठेवलेत. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडनं पण ग्रंथालयांना पुस्तकं येतात, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचार तुमचं नाव त्या यादीत बसतं का.

आता तुझा शेवटचा प्रश्न. साताऱ्यात १९५९ ला ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावच्या गाव साक्षर करायचं, शिकवणारे गावातलेच मास्तर आणि पोरं, ती पुढं राज्यभर गेली. तसल्या सगळ्या मोहिमांमधली नेहमीची अडचण अशी की माणूस सही शिकतो, चार ओळी वाचायला शिकतो, मोहीम संपते, आणि नंतर वाचायला समोर काही नसलं की दोन-तीन वर्षांत परत अंगठ्यावर येतो. आत्ता केंद्राचा उल्लास कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. त्याची नोंदणी तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतनं होते. तुझ्या अकरा जणींची नावं तिथं घाल, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची परीक्षा होते, पास झाल्या की प्रमाणपत्र. आणि परीक्षेनंतर त्यांना वाचायला जे लागतं ते वाचनालयातच मिळतं, तिथं तुझं काम सरकारी योजनेपेक्षा जास्त टिकणारं आहे. त्यांना बोधकथा देऊ नकोस. गटाची वही, एसटीच्या पाट्या, औषधाच्या पट्टीवरची तारीख, लाइट बिल, सातबारा. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव आहे का नाही हे वाचता यायला लागलं की बाई वर्ग चुकवत नाही. (घरात थोडी भांडणं होतील, ती होऊ देत.)

देणगीदारांना पण हेच कळव, फोटो कमी पाठव. रांगेत उभी केलेली पोरं आणि हातात पुस्तकं, असले फोटो सगळेच पाठवतात. तू एक साधी वही कर: पोराचं नाव, जूनमध्ये काय वाचत होतं, अक्षर, शब्द, वाक्य का पूर्ण पान, आणि दिवाळीत काय, मार्चमध्ये काय. शेजारी त्यानं घरी किती पुस्तकं नेली. एका पानाची वही. तिमाहीला ग्रुपवर एवढंच टाकायचं: जमा किती, खर्च किती, किती पोरं शब्दावरनं वाक्यावर आली. नावं टाकू नकोस, पोरांची पण नाही आणि बायकांची तर अजिबात नाही, अमक्याची आई आत्ता लिहायला शिकतेय हे चेन्नईपर्यंत कळायचं कारण नाही. आणि जी पोरं पुढं गेली नाहीत तीही सांग. "चार जणांचं अजून अडतंय, त्यांच्यासाठी बुधवारी जादा तास घ्यायचाय" असं लिहिलंस तर विश्वास वाढतो, आणि जादा तासाचे पैसे मागायला जागा पण होते.

मोबाईल आल्यावर वाचनालय कशाला म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस. त्यांना म्हण शनिवारी चार वाजता या आणि एक गोष्ट वाचून दाखवा पोरांना. बहुतेक येणार नाहीत. जे येतील त्यांच्याकडं पुढच्या आठवड्यात पाचशे माग.

आबांशी बोलायचं ते मीटिंगमध्ये नको, चार लोकांत त्यांना कमान सोडणं जड जाईल. सकाळी पेपर वाचायला येतात ना, तेव्हा बोल. ठेवीचा कागद, साठ हजारांचा हिशोब आणि दहा नावांची यादी पुढं ठेव, पहिलं नाव त्यांचंच लिहून, पाचशेच्या पुढं सहीची जागा मोकळी.